मागच्या चाकांचे सुकाणू : जोडवाहनाच्या वळणाचा इतिहास

लांब वाहन वळणावर अडते ते बहुधा मागून अडते. चालक पुढची चाके रस्त्याच्या मध्यातून व्यवस्थित नेतो. मागची चाके मात्र त्या मार्गाने न जाता आतल्या कोपऱ्याकडे ओढली जातात आणि पदपथाच्या कडेवर चढतात. वाहन जितके लांब तितकी ही ओढ अधिक. पुढे ओढणारा भाग, ज्याला आपल्याकडील चालक 'घोडा' म्हणतात, आणि त्याच्यामागे ओढला जाणारा ट्रेलर अशा दोन भागांच्या जोडवाहनात तर ती इतकी वाढते की जुन्या वस्तीतील अरुंद चौक अशा वाहनाला बंदच होतात. यावर मागच्या चाकांनाही वळविण्याची सोय करावी, हा विचार तसा साधा आहे. परंतु ती चाके वळवावयाची कोणी, आणि केव्हा, ह्या दोन प्रश्नांचा उलगडा करण्यात सुमारे दीडशे वर्षे गेली. दिसावयास पहिला प्रश्न मोठा वाटतो. या यंत्रणेच्या इतिहासाचा ओघ मात्र पुष्कळ अंशी दुसऱ्याने ठरविला, आणि प्रस्तुत लेखाचा रोख त्याच्यावर आहे.

प्रश्नाचे गणित यंत्राच्या आधीचे आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये क्लोद पेरो ह्या वैद्यकाने (लूव्हर राजवाड्याच्या पूर्वेकडील स्तंभपंक्तीशी ज्याचे नाव जोडलेले आहे तोच हा वास्तुकार) आपले खिशातले घड्याळ मेजावर ठेवले, साखळीचे मोकळे टोक मेजाच्या सरळ कडेने ओढत नेले आणि विचारले, घड्याळ ज्या रेषेने सरकते ती रेषा कोणती? हायगेन्स व लायब्नित्स यांनी १६९२-९३ च्या सुमारास तिचे गणित मांडले. त्या वक्राला 'ट्रॅक्ट्रिक्स' हे नाव रूढ झाले. ओढणे ह्या अर्थाच्या ज्या लॅटिन धातूपासून ते सिद्ध होते, त्याच धातूपासून पुढे 'ट्रॅक्टर' हा शब्द आला, हा योग जुळून आलेला आहे खरा; पण तो निरर्थक नाही. पेरोचे घड्याळ म्हणजे वस्तुतः एक ट्रेलरच. साखळीचे टोक कोठे गेले याची घड्याळाला खबर नसते. साखळी ह्या क्षणी कोणत्या दिशेला ताणलेली आहे, एवढेच त्याला कळते आणि ते तिकडे सरकते.

वर्तुळाकार वळणावर हा हिशेब अगदी सोपा होतो. ट्रेलर ज्या खिळीने, म्हणजे किंगपिनने, घोड्याला जोडलेला असतो ती खिळी १२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत आहे, आणि खिळीपासून ट्रेलरच्या मागच्या आसापर्यंतचे अंतर ८ मीटर आहे असे समजू. पायथागोरसच्या नियमाने मागच्या आसाच्या मार्गाची त्रिज्या १४४ वजा ६४, म्हणजे ८० चे वर्गमूळ, अर्थात ८.९४ मीटर येते. तीन मीटरांहून अधिक अंतर आत! एका मोटारीचा पूर्ण मार्ग एवढ्यातच खर्ची पडला. आणि वळण जितके तंग तितकी ही तूट झपाट्याने वाढते, कारण हिशेब वर्गांचा आहे.

आपल्याकडील बैलगाडीला ही अडचण फारशी जाणवली नाही. तिचा आस एकच. बैल वळले की जू वळते, जू वळले की साटी वळते, आणि चाके जागच्या जागी फिरू शकतात. चार चाकांचा गाडा आला की पुढचा आस मधल्या खिळीभोवती फिरता ठेवावा लागतो, आणि मागचा त्याच्यामागे फरफटत येतो. म्युनिकचा गाडी बनविणारा गेओर्ग लांकेनस्पेर्गर याने संपूर्ण आस न फिरवता दोन्ही पुढची चाके आपापल्या टोकाशी वळविण्याची युक्ती काढली आणि १८१८ साली रुडोल्फ आकरमानने लंडनमध्ये तिचा एकस्वाधिकार घेतला. आजच्या प्रत्येक मोटारीच्या पुढच्या चाकांमागे ती युक्ती आहे. तिचा इतिहास स्वतंत्र आणि सुपरिचित असल्याने तो येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. आकरमानच्या नावाने ती ओळखली जावी आणि लांकेनस्पेर्गरला विसरले जावे, हा अन्याय तेवढा नोंदवून पुढे जावे.

मागच्या चाकांना स्वतंत्रपणे वळविण्याची गरज तीव्रतेने निर्माण झाली ती मालवाहतुकीत नव्हे, आगीच्या प्रसंगी. अमेरिकेतील शहरांत इमारती उंच होऊ लागल्या तशा अग्निशामक दलाच्या शिड्या लांब होऊ लागल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या दलातील डॅनियल हेज याने १८६८ साली गाडीवरच उभारता येईल अशा यांत्रिक शिडीचा एकस्वाधिकार मिळविला. ती शिडी ८५ फूट उंचीची होती असे सांगतात. अशी शिडी वाहणारी गाडी घोड्यांनी ओढून शहराच्या काटकोनी चौकातून न्यावयाची, तीही घाईत, म्हणजे मागच्या आसाला वाऱ्यावर सोडून चालण्यासारखे नव्हते. तेव्हा मागच्या आसावर एक माणूस बसविण्यात आला आणि त्याच्या हाती एक वेगळे चक्र देण्यात आले. पुढचा सारथी घोडे उजवीकडे वळवी तेव्हा मागचा माणूस आपली चाके डावीकडे वळवून गाडीचे शेपूट बाहेर काढी. आतला कोपरा सुटला आणि शेपूट हव्या त्या मार्गावर आले की चाके सरळ करी. इंग्रजीत त्याला 'टिलरमन' म्हणतात. टिलर म्हणजे नौकेच्या सुकाणूचा दांडा.

ह्या नावापाशी क्षणभर थांबणे उचित होईल. मराठीतील 'सुकाणू' हा शब्द अरबी 'सुक्कान' ह्या शब्दावरून आलेला असून तोही मुळात नौकेचाच आहे. आणि नौकेचे सुकाणू नेहमी मागे, वरव्यापाशी असते. गाडीची दिशा याच्या उलट पुढून ठरते, जुवाकडून, धुरेकडून. नेतृत्वाबद्दल बोलताना मराठी माणूस दोन्ही रूपके वापरतो. 'धुरा वाहणारा' तो धुरीण पुढे असतो. 'सुकाणू हाती असलेला' मागे. भाषेने ही दोन्ही रूपके एका अर्थाला इतकी घट्ट बांधली आहेत की त्यांतील दिशेचा भेद कोणाच्या ध्यानातही येत नाही. शिडीगाडी हे मात्र असे वाहन, की त्याला धुरा आणि सुकाणू ही दोन्ही अक्षरशः आहेत, आणि ती दोन वेगळ्या माणसांच्या हाती आहेत.

त्या मागच्या माणसाजवळ नेमके काय होते, हे पाहिले पाहिजे, कारण पुढील सर्व यंत्रे त्याची जागा घेण्यासाठी निर्माण झाली. त्याच्याजवळ हात होते, हे उघड आहे. दुसरे, पुढचा भाग कोठून गेला हे त्याने पाहिलेले असे, आणि तो भाग कोपऱ्यावर वळला त्या जागी स्वतः पोहोचेपर्यंत ते तो ध्यानात ठेवी. म्हणजे त्याला स्मृती होती. तिसरे, कोपऱ्यावर कोणी उभे आहे, दिव्याचा खांब आहे, दुसरी गाडी उभी आहे, हे त्याला दिसे आणि त्याप्रमाणे तो ठरलेला मार्ग सोडीही. म्हणजे त्याला दृष्टी होती. हात, स्मृती आणि दृष्टी यांपैकी यंत्राला प्रथम फक्त हातच मिळाले.

घोड्यांचे युग संपले तेव्हा हा माणूस जाईल असे वाटणे स्वाभाविक होते. जे. वॉल्टर ख्रिस्टी याने १९११ नंतरच्या वर्षांत पुढच्या चाकांनी ओढणारी मोटारयंत्रे बनवून ती जुन्या अग्निशामक गाड्यांना घोड्यांच्या जागी जोडली. अशी काहीशे यंत्रे विकली गेली. घोडे गेले, सारथ्याचा मोटारचालक झाला, मागचा माणूस मात्र आपल्या आसनावर तसाच राहिला. कित्येक गाड्यांत त्याचे आसन शिडीच्या मार्गातच असे, आणि शिडी उभारण्यापूर्वी आसन व चक्र दोन्ही बाजूला सारावी लागत. इतकी गैरसोय पत्करूनही त्याला ठेवले गेले, यावरून त्याची आवश्यकता ध्यानात येईल.

माणसाची जागा दांड्यांनी घेण्याचा ठळक प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. कर्नल शार्ल रनार हा सैन्यातील अभियंता १८८४ सालच्या 'ला फ्रान्स' ह्या विमाननौकेमुळे प्रसिद्ध होता. १९०३ साली त्याने पॅरिसमध्ये रस्त्यावरून चालणारी आगगाडी दाखविली. एका यंत्रगाडीमागे अनेक डबे, आणि रूळ नाहीत! त्याने दोन प्रश्न एकदम हाती घेतले होते. पहिला शक्तीचा. यंत्रगाडीतून निघालेला फिरता दांडा सगळ्या डब्यांखालून नेऊन त्याने प्रत्येक डब्याच्या आसाला गती दिली. दुसरा वळणाचा. प्रत्येक डबा पुढच्या डब्याच्याच मार्गाने गेला पाहिजे, नाहीतर दहाव्या डब्याला कोपरा कधीच सुटणार नाही.

रनारच्या उत्तरामागील तत्त्व सर्वांत साध्या उदाहरणावरून समजते. एकच आस असलेल्या दोन गाड्या एकामागे एक आहेत. पुढच्या गाडीच्या आसामागे काही अंतरावर कडी आहे, आणि तिला मागच्या गाडीची दांडी अडकविली आहे. वळणावर कडी आसाच्या बाहेरच्या अंगाने फिरते, म्हणजे तिची त्रिज्या आसाच्या त्रिज्येहून मोठी होते. दांडीमुळे मागच्या गाडीची त्रिज्या पुन्हा घटते. कडीचे आसामागील अंतर आणि दांडीची लांबी समान ठेवली तर ही वाढ व ही घट एकमेकींना पुरी पडतात आणि दोन्ही आस एकाच वर्तुळावर फिरतात. अधिक चाकांच्या डब्यात हिशेब अधिक गुंतागुंतीचा होतो आणि चाके वळविणाऱ्या दांड्या जोडाव्या लागतात, पण तत्त्व तेच राहते. वर्तुळ एकदा स्थिरावले की शंभर डबे असले तरी सारे त्याच वर्तुळावर. गणित म्हणून हे मोठे देखणे आहे. रनारचा १९०५ साली मृत्यू झाला. इंग्लंडमध्ये डेमलर कंपनीने त्याची कल्पना उचलून अशा गाड्या बनविल्या.

परंतु रस्ता म्हणजे वर्तुळ नव्हे. सरळ मार्ग, मग वळण, मग पुन्हा सरळ मार्ग, असा रस्ता असतो, आणि अडचण ह्या सांध्यांत आहे. पुढचा भाग वळू लागला की पुढचा व मागचा भाग यांच्यात कोन निर्माण होतो. तो कोन दांड्यांवाटे त्याच क्षणी मागच्या चाकांपर्यंत पोहोचतो आणि ती वळतात. पण मागची चाके त्या वेळी वळणापर्यंत आलेलीच नसतात! ती अद्याप सरळ रस्त्यावर आहेत आणि त्यांना वळणावरची आज्ञा मिळाली आहे. परिणाम असा होतो, की ट्रेलरचे शेपूट वळणाच्या विरुद्ध बाजूला, शेजारच्या मार्गात किंवा पदपथावर, झुकते. वळणातून बाहेर पडताना हाच प्रकार उलट होतो. दांडीची लांबी कितीही अचूक असो, हा दोष जात नाही, कारण तो लांबीचा नसून वेळेचा आहे. दांडीला ह्या क्षणीचा कोन कळतो. दहा मीटर मागे काय घडले ते कळत नाही. पेरोच्या घड्याळाचीच ही स्थिती. टिलरमन जे सहज करीत होता, म्हणजे पाहिलेले वळण मनात धरून त्या जागी पोहोचल्यावरच चाक फिरविणे, ते दांडीला साधत नाही.

असे असूनही दांड्यांच्या यंत्रणेला मोठे क्षेत्र मिळाले, ते जेथे गती मंद आणि भार अवजड होता तेथे. जर्मनीत योहान कुलेमायरने रेल्वेचा अखंड डबा रुळांवरून उचलून रस्त्याने कारखान्याच्या दारी नेणारे वाहन तयार केले. ते १९३३ साली वापरात आले आणि त्याची सर्व चाके वळत. ब्रिटिश साम्राज्यातील रेल्वे नसलेल्या प्रदेशांसाठी ए.ई.सी. कंपनीने बांधलेले वाहन १९३४ साली ऑस्ट्रेलियात पोहोचले. आठ चाकांचे, आठही चाकांना गती असलेले ओढयंत्र, आणि मागे आठ-आठ चाकांचे दोन ट्रेलर. ट्रेलरखालील चाकांचे दोन्ही संच वळणारे, जेणेकरून सारी रांग एका चाकोरीतून जावी. नदीच्या कोरड्या पात्रातून आणि झुडुपांतून वाट काढताना ह्या गुणाची किंमत कळे, कारण पुढच्या चाकांनी दाबून दिलेली वाळू सोडून मागची चाके नव्या वाळूत गेली की रुतत.

ॲलिस स्प्रिंग्जच्या कुर्ट योहानसेनने ह्याच गुणासाठी दुसऱ्या महायुद्धानंतर स्वतःच्या कार्यशाळेत ट्रेलर बांधले. सैन्याने रणगाडे वाहण्यासाठी वापरलेले 'डायमंड टी' जातीचे जुने ओढयंत्र त्याने घेतले, त्याला 'बर्था' असे नाव दिले आणि दोन्ही आस वळणाऱ्या ट्रेलरांची रांग तिच्यामागे लावून गुरांची वाहतूक सुरू केली. तोवर गुरे आठवडेच्या आठवडे पायी हाकीत न्यावी लागत. ऑस्ट्रेलियातील 'रोड ट्रेन'चा जनक म्हणून त्याचा उल्लेख होतो, आणि तो सार्थ आहे. तथापि त्याची वळणारी चाके मात्र पुढे टिकली नाहीत. रस्ते डांबरी झाले, वेग वाढला, आणि वेगात ह्या यंत्रणेचा दुसरा दोष पुढे आला : वळू शकणारे मागचे चाक वाहनाला आडवे जाण्यापासून तितकेसे रोखीत नाही, आणि रांगेच्या डोक्याशी झालेली लहानशी हालचाल शेपटाशी मोठी होते. आजच्या ५३.५ मीटरपर्यंत लांब असणाऱ्या ऑस्ट्रेलियन रोड ट्रेनमध्ये सामान्यतः न वळणारेच आस असतात. शेकडो मैल सरळ जाणाऱ्या रस्त्याने कोपऱ्याचा प्रश्नच निकालात काढला. एखादी सुंदर युक्ती हरली म्हणून ती चुकीची होती असे ठरत नाही. तिला जन्म देणारी वाळू नाहीशी झाली, इतकेच.

युरोपात परिस्थिती नेमकी उलट होती. शहरे जुनी, चौक अरुंद, आणि दुकानांना माल पोहोचविणारी वाहने मात्र वर्षानुवर्षे लांब होत गेलेली. नेदरलंड्समध्ये शहरी वाहतुकीच्या ट्रेलरांना वळणारा मागचा आस हा म्हणूनच परिचित प्रकार झाला. यांतील सर्वांत साधा आस स्वतःच वळतो : चाकाची खिळी चाकाच्या टेकण्याच्या जागेपुढे ठेवली की, दुकानातील ढकलगाडीच्या चाकाप्रमाणे, चाक जिकडे ओढ असेल तिकडे आपोआप फिरते. मात्र मागे जाताना हेच चाक उलटू पाहते, म्हणून तेव्हा त्याला कुलूप घालावे लागते, वेगातही तसेच. म्हणजे वाहन मागे घेताना, जेथे मदतीची सर्वाधिक गरज, तेथेच ते निरुपयोगी होते. दुसऱ्या प्रकारात किंगपिनपाशी निर्माण होणारा कोन दांड्यांनी किंवा तेलाच्या दाबाने मागच्या आसापर्यंत नेला जातो. ही आज्ञा मागे जातानाही पोहोचते. तेलाच्या नळ्यांनी दांड्यांची जागा घेतली, तरी मूळ दोष तसाच राहिला. तेलालाही स्मृती नसते.

तो दोष कायद्याच्या पातळीवर किती गंभीर ठरला ते ब्रिटनच्या उदाहरणावरून दिसते. तेथे जोडवाहनाला १२.५ मीटर बाह्य व ५.३ मीटर आंतर त्रिज्येच्या कड्यात फिरता आले पाहिजे असा नियम आहे. नेहमीच्या १३.६ मीटर ट्रेलरऐवजी १५.६५ मीटरपर्यंतच्या ट्रेलरांचा प्रयोग २०१२ साली सुरू झाला. लांबी वाढूनही कड्याचा नियम पाळावयाचा म्हणून बहुतांशी मागचे आस वळते ठेवण्यात आले. आतला कोपरा सुटला, पण शेपटाची बाहेरची झेप वाढली, आणि पदपथावरील माणसे व बाजूच्या सायकली यांच्या दृष्टीने तीच चिंतेची बाब होऊन बसली. कोपऱ्यावर उभ्या असलेल्या पादचाऱ्याला समोरून गेलेले वाहन परत आपल्याकडे झुकेल अशी अपेक्षाच नसते. ३१ मे २०२३ पासून हे ट्रेलर सर्वसाधारण वापरात आणण्यास मोकळीक मिळाली ती मार्गांचे नियोजन व धोक्याचे मूल्यमापन करण्याच्या अटींसह.

केंब्रिज विद्यापीठात डेव्हिड सीबन व त्यांचे सहकारी यांनी ह्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत जो मार्ग काढला, त्याचे महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. त्यांच्या पद्धतीत ट्रेलरच्या चाकांना चालू क्षणीच्या कोनाची आज्ञा मिळत नाही. ट्रेलर घोड्याला जेथे जोडलेला असतो तो बिंदू कोणत्या मार्गाने गेला, हे गणकयंत्र नोंदवीत जाते. आणि ट्रेलरचे शेपूट त्या मार्गाच्या ज्या जागी पोहोचेल त्या जागेची नोंद काढून त्याप्रमाणे चाके वळविली जातात. पुढचा भाग वळू लागला तरी शेपूट वळणापर्यंत येईतो सरळच जाते. त्यामुळे आत ओढले जाणेही टळते आणि बाहेरची झेपही. ह्या यंत्रणेत दांड्यांहून अधिक बळ किंवा अधिक अचूकपणा आहे म्हणून हे साधले नाही. साधले ते तिला मागचे आठवते म्हणून. शिडीगाडीवरच्या माणसाचा दुसरा गुण यंत्रात उतरण्यास असे एक शतक लागले.

तिसरा गुण राहिला. सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस यांसारख्या शहरांच्या अग्निशामक दलांत टिलरमन आजही मागच्या चक्रावर बसतो. याला केवळ परंपरेचे प्रेम म्हणून बाजूला सारणे बरोबर होणार नाही. जळत्या इमारतीसमोर पुढचा भाग ज्या मार्गाने गेला त्याच मार्गाने मागचा जावा, एवढीच त्याची कामगिरी नसते. दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून गाडी तिरकी घालून शिडीचा पाया भिंतीपासून योग्य अंतरावर आणावयाचा असतो, आणि त्यासाठी शेपूट जाणूनबुजून वेगळ्या वाटेने न्यावे लागते. नोंदलेला मार्ग येथे उपयोगी नाही, कारण हवा असलेला मार्ग कोणीच अद्याप चाललेले नाही.

वाहन मागे घेतानाही नेमके असेच असते. तेव्हा शेपूट हेच डोके होते आणि अनुसरण्याजोगी पुढची वाट नसते. म्हणूनच इलेक्ट्रॉनिक यंत्रणेच्या कित्येक ट्रेलरांना हाती धरून चालविण्याची एक दूरनियंत्रक पेटी दिलेली असते. पवनचक्कीची साठ-सत्तर मीटर लांबीची पाती नेताना तिचा उपयोग विशेष होतो. महाराष्ट्रात सातारा, सांगली व धुळे ह्या जिल्ह्यांतील पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांची पाती घाटवळणांनीच वर चढवावी लागली. जगात कोठेही अशा अतिलांब पात्यांच्या वाहतुकीत, नागमोडी वळण आले की वाहन जवळजवळ थांबते. पेटी हाती घेतलेला एक माणूस खाली उतरून पात्याच्या शेपटाबरोबर चालू लागतो, दरीकडची कड आणि डोंगराकडची भिंत यांवर नजर ठेवून मागची चाके वळवितो, आणि पुढच्या चालकाला आवाज देतो.